पगारी डॉक्टर आणि आजारी नसलेली गाय

इंदापूर तालुक्यातल्या एका गोठ्यात लहानमोठ्या मिळून दोनशे वीस गाई आहेत. मालक पन्नाशीचे, बोलायला मोकळे, हिशेबाला पक्के. पगारी पशुवैद्यक ठेवण्याचा विषय काढल्यावर ते हसले. "गाय आजारी पडली की डॉक्टर येतोच की. फोन केला की तासाभरात दारात हजर. मग जी गाय आजारीच नाही, तिच्यापायी मी महिन्याला पन्नास हजार कशाला मोजू?"

उजनीच्या फुगवट्यापलीकडे, करमाळ्याच्या बाजूला, जवळजवळ तेवढ्याच गाईंचा दुसरा गोठा आहे. तिथे काही वर्षांपासून पगारावर डॉक्टर आहे. तिथल्या मालकांना तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आजारी गाईला डॉक्टर कुठूनही मिळतो. आपला डॉक्टर आजारी नसलेल्या गाईंसाठी ठेवलाय."

दोघांचं निदान एकच, उपचार उलटे. मोठ्या गोठ्याने स्वतःचा डॉक्टर ठेवावा की नाही, हा वाद पुणे, सोलापूर, नगर, सांगली या दूधपट्ट्यात हल्ली वारंवार ऐकू येतो. त्यात भावना कमी आणि हिशेब जास्त असतो. माझ्या मते मात्र हिशेबापलीकडचा एक मुद्दा त्यात आहे आणि तो फारसा कुणी बोलत नाही.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा वाद संभवतच नव्हता, कारण दोनशे गाईंचा खासगी गोठा ही चीजच दुर्मीळ होती. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला 'बाएफ'ची स्थापना केली, दारात येऊन रेतन करून देण्याची पद्धत रुजवली आणि संकरित गाय शेतकऱ्याच्या दावणीला आली. तरी दावणीला गाई असायच्या दोन, चार, फार तर दहा. मुक्तसंचार गोठा, मुरघास आणि धारा काढण्याची यंत्रं आल्यावर चित्र पालटलं. नोकरी सोडून परतलेला इंजिनिअर मुलगा, बँकेचं कर्ज, ऊस मोडून केलेला मका आणि शंभर गाई, ही कहाणी आता गावोगाव सापडते. गोठा वाढला, पण डॉक्टरची व्यवस्था दोन गाईंच्या काळातलीच राहिली.

ती व्यवस्था कशी आहे, ते आधी पाहू. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे एक कोटी चाळीस लाख गोवंश आणि छप्पन लाख म्हशी आहेत. त्यांच्यासाठी श्रेणी-१ आणि श्रेणी-२ चे सरकारी दवाखाने आहेत. श्रेणी-१ मध्ये पदवीधर पशुधन विकास अधिकारी, श्रेणी-२ मध्ये बहुतांशी पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक. त्यांच्या जोडीला १९६२ क्रमांकावर फोन करून बोलावता येणारी फिरती पथकं. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा असं सुचवलं होतं. ते प्रमाण तंतोतंत पाळलं असं धरलं, तरी दोनशे वीस गाईंच्या वाट्याला डॉक्टरच्या आठ तासांतली एकवीस मिनिटं येतात. त्यात मोटारसायकलवरचा प्रवास आला, लसीकरणाच्या मोहिमा आल्या, तालुक्याच्या बैठका आल्या आणि अनुदानाचे कागदही आले.

म्हणून मोठा गोठा खासगी डॉक्टरकडे वळतो. 'फोनवरचा डॉक्टर' हा आपल्या ग्रामीण अर्थव्यवस्थेतला एक मेहनती माणूस आहे. रात्री दोनला अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढायला तोच येतो. पण त्याला पैसे कशाचे मिळतात, ते पाहा. येण्याचे आणि औषधाचे. गाय आजारी पडली नाही तर त्याची कमाई शून्य. नुसता सल्ला दिला, सुई टोचली नाही, तर मालकच म्हणतो, "काहीच केलं नाही की हो, मग पैसे कसले?" मग एक सलाईन लागतं, एक प्रतिजैविक लागतं, एक ताकदीचं इंजेक्शन लागतं. मी कुणाच्या सचोटीवर बोट ठेवत नाही. पण आजारावर पोट असलेल्या माणसाकडून आजार टाळण्याची अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे.

शिवाय दारात येणारा प्रत्येक 'डॉक्टर' डॉक्टर असतोच असं नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ च्या तिसाव्या कलमानुसार पशुवैद्यकीचा व्यवसाय करायचा आणि प्रमाणपत्रावर सही करायची, तर माणूस नोंदणीकृत पदवीधर हवा. किरकोळ सेवा इतरांना करता येतात, पण नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. गावात ही देखरेख पुष्कळदा मोबाईलवरून होते आणि काही ठिकाणी तीही होत नाही.

आता करमाळ्याच्या बाजूच्या त्या गोठ्यात डॉक्टर काय करते ते सांगतो. करते म्हणतो, कारण ती तिशीच्या आतली तरुणी आहे, मराठवाड्यातल्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलेली. मालक तिला 'मॅडम' म्हणतात, बिहारहून आलेले कामगार 'डाक्टर दीदी'. सकाळी पाचच्या धारेला ती हजर असते, पण तिचं लक्ष दुधाच्या लिटरवर नसतं. ती आधी जाते ताज्या व्यायलेल्या गाईंच्या कप्प्यात. व्यायल्यापासून दहा दिवस तिथल्या प्रत्येक गाईचा ताप रोज बघितला जातो. शेण कसं टाकलंय, गव्हाणीत काय उरलंय, कान थंड आहेत का, गर्भाशयातून येणाऱ्या स्रावाला वास आहे का. हे सगळं एका गाईमागे दोन मिनिटांत होतं. सलाईन नाही, सुई नाही. फळ्यावर एक आकडा पडतो, बस्स.

दुभत्या गाईचं सगळं आयुष्य विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत आणि नंतरच्या तीन आठवड्यांत ठरतं, हे पशुवैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत फार स्पष्टपणे दाखवून दिलं आहे. या दिवसांत कासेत एकदम दूध उतरतं, रक्तातलं कॅल्शियम खाली जातं, भूक मंदावते. ज्या गाईचं कॅल्शियम फार उतरतं ती बसते, मान पोटाकडे वळवते. हा दुग्धज्वर सगळ्यांना ओळखू येतो आणि शिरेतून कॅल्शियम दिलं की तासाभरात गाय उभी राहते. मालक डॉक्टरच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहतो. पण त्या एका बसलेल्या गाईच्या मागे अशा कितीतरी गाई उभ्या असतात, की ज्यांचं कॅल्शियम कमी आहे पण त्या बसलेल्या नाहीत. त्यांची वार अडकते, गर्भाशयात पू होतो, पोट सुस्तावतं, कधी चौथं पोट जागेवरून सरकतं. ती गाय दोन महिन्यांनी माजावर येत नाही, आली तर उलटते. तेव्हा मालक सिमेनला नावं ठेवतो. चूक झालेली असते विण्याच्या आधी, खुराकात. गाभण गाईला शेवटच्या तीन आठवड्यांत वेगळं ठेवायचं, तिचा खनिजांचा ताळमेळ वेगळा बसवायचा, हे काम फोनवरचा डॉक्टर करू शकत नाही. त्याला त्या दिवसांत कुणी फोनच करत नाही.

दगडीचंही तेच. सड सुजला, दुधात गुठळ्या आल्या, की सगळे धावतात. पण दगडीचा मोठा तोटा छुपा असतो. दूध दिसायला नितळ, गाय धडधाकट, आणि रोज लिटरभर दूध कमी. डॉक्टर मॅडम महिन्यातून एकदा चार कप्प्यांची प्लॅस्टिकची थाळी घेऊन बसते. चारही सडांचं थोडं थोडं दूध, त्यात तपासणीचा द्राव, आणि हलवलं की ज्या सडात बिघाड आहे त्याचं दूध चिकट होतं. त्या गाईंच्या पायात लाल पट्टी बांधली जाते आणि त्यांची धार सगळ्यात शेवटी निघते, म्हणजे यंत्राच्या कपांतून जंतू दुसऱ्या गाईंकडे जात नाहीत. ही लाल पट्टी बांधायला दहा-वीस रुपये लागतात. ती न बांधल्याने काय जातं, ते दूधसंघाच्या दहा दिवसांच्या बिलात कुठेही लिहिलेलं नसतं.

वासरांचा कप्पा मी मुद्दाम पाहिला. गोठ्याची खरी शिस्त तिथे दिसते. जन्मल्यावर दोन तासांच्या आत चीक, वजनाच्या साधारण दहा टक्के. चीक कसा आहे हे मोजायला शेतमालातली गोडी मोजण्याचं ते छोटं दुर्बिणीसारखं यंत्र, द्राक्षबागाईतदारांना माहीत असलेलं. आकडा बावीसच्या वर आला तर चीक चांगला, खाली आला तर गोठवून ठेवलेला दुसरा चीक द्यायचा. वासराच्या अंगात रोगप्रतिकारशक्ती आईच्या पोटातून येत नाही, ती चिकातूनच येते आणि एका दिवसात ते दार बंद होतं. रात्री दीडला कालवड जन्मली, गडी झोपला आणि सकाळी आठला तिला चीक मिळाला, तर ती जगली तरी तिच्यातली गाय अर्धी गेली. तिची भरपाई दोन वर्षांनी पहिल्या वेताला होते आणि तेव्हा कुणाला ती रात्र आठवत नाही.

आता इंदापूरच्या मालकांच्या पन्नास हजारांकडे येऊ. त्यांच्याबरोबर बसून मी वहीवर मांडणी केली. ती अशी. पन्नास हजार महिना म्हणजे वर्षाला सहा लाख. राहायला खोली, पेट्रोल, तपासणीचं साहित्य धरून आठ लाख. आता दुसरी बाजू. दोन वेतांतलं अंतर त्यांच्या गोठ्यात सरासरी पंधरा महिने आहे. आदर्श बारा-तेरा मानतात, आपल्या उन्हाळ्यात चौदा झालं तरी चांगलंच. गाय गाभण राहायला जेवढी लांबते तेवढे दिवस ती एकतर उतरत्या दुधावर पूर्ण खुराक खाते, नाहीतर भाकड उभी राहून खाते. अशा एका जादा दिवसाची किंमत आम्ही दोघांनी दोनशे रुपये धरली. महिनाभराचं अंतर कमी झालं तर गाईमागे सहा हजार. गणितासाठी दोनशे वीस गाई व्यायलेल्याच धरल्या, तर तेरा लाख वीस हजार. मालक गप्प झाले. मग त्यांनीच पेन घेतलं. "डॉक्टर ठेवला म्हणून महिनाभर कमी होईलच कशावरून? पंधरा दिवस धरा." सहा लाख साठ हजार. खर्च आठ लाख.

त्यांचा मुद्दा बरोबर होता. या एकाच हिशेबावर पाहिलं तर महिनाभर सुधारणा झाल्यास एकशे तेहेतीस गाईंना डॉक्टर परवडतो, आणि निम्मीच सुधारणा झाली तर दोनशे सहासष्ट गाई लागतात. दोनशे वीसचा गोठा नेमका उंबऱ्यावर उभा आहे. छुपी दगडी, मेलेली वासरं, लंगड्या गाई, वाया गेलेली औषधं धरली की पारडं डॉक्टरकडे झुकतं. दूध पडत्या भावाने गेलं की पुन्हा उलटं. आणि भाव पडतो, हे काही सांगायला नको. २०२४ मध्ये राज्य सरकारला गाईच्या दुधावर लिटरमागे आधी पाच आणि नंतर सात रुपये अनुदान द्यावं लागलं, ते उगाच नव्हे.

एक गोष्ट मात्र या हिशेबातून निसटते. प्रत्येक मोठ्या गोठ्याचा धंदा एकसारखा नसतो. मुंबईच्या तबेल्यांचंच घ्या. १९४९ मध्ये दारा खुरोडींच्या पुढाकाराने गोरेगावला आरे दुग्धवसाहत उभी राहिली, ती शहरभर पसरलेले तबेले हलवण्यासाठी. पण आरेत काय किंवा जोगेश्वरीत काय, तबेल्याचं मूळ गणित जुनंच होतं: व्यायलेली म्हैस गुजरात-हरियाणाकडून विकत आणायची, आठ-दहा महिने पिळायची आणि आटली की काढून टाकायची. अशा धंद्याला पगारी डॉक्टर कधीच परवडणार नाही, कारण म्हैस पुन्हा गाभण राहण्याची वाट बघायचीच नाही. डॉक्टरचा पगार निघतो पुढच्या वेतातून. ज्याला पुढचं वेतच नको, त्याला डॉक्टर खर्चच वाटणार. तुमच्या गोठ्यात गाई विकत आणल्या जातात की कालवडी वाढवल्या जातात, हा प्रश्न संख्येच्या आधी विचारावा लागतो.

कोंबड्यांच्या धंद्यात हा वाद केव्हाच मिटला आहे. करार पद्धतीत शेड शेतकऱ्याची. पिल्लं, खाद्य, औषध आणि डॉक्टर कंपनीचा. तिथे एका पक्ष्यावर उपचार होतच नाही. मेलेली कोंबडी फाडून बघायची आणि उरलेल्या दहा हजारांचं ठरवायचं. तिथला डॉक्टर पगारीच असतो. पण त्याच धंद्याने या व्यवस्थेची दुखरी बाजूही दाखवली आहे आणि हा मुद्दा मला हिशेबापेक्षा मोठा वाटतो.

पगारी डॉक्टर कोणाचा? मालकाचा, गाईचा, की दूध पिणाऱ्याचा?

प्रतिजैविक टोचलेल्या गाईचं दूध ठरावीक दिवस टाकीत जाता कामा नये. औषधाच्या वेष्टनावर ते दिवस छापलेले असतात आणि दुधात किती अंश चालतो याच्या मर्यादा अन्नसुरक्षेच्या नियमांत आहेत. समजा, एकाच वेळी पंधरा गाईंवर उपचार चालू आहेत. दिवसाला दीडशे-दोनशे लिटर दूध ओतून द्यायचं. फोनवरचा डॉक्टर सांगून निघून जातो, पुढचं मालक आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी. पगारी डॉक्टर तिथेच असतो. त्याला दिसतं. तो बोलला तर? "डॉक्टर, पगार कोण देतं तुम्हाला?" हे वाक्य एका तरुण डॉक्टरने मला सांगितलं, आपल्या पहिल्या नोकरीतलं. त्याने ती नोकरी सोडली. सोडली नसती तर काय केलं असतं, ते मी त्याला विचारलं नाही.

नवापूरचं उदाहरण महाराष्ट्राला आठवत असेल. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे निघाला. कोंबड्या मरायला लागल्यावर पहिला संशय मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा होता. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केल्यावर लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मी कुणावर ठपका ठेवत नाही, मर पाहून नेमकं निदान करणं त्या क्षणी अवघडच असतं. पण ज्या माणसाच्या एका वाक्याने मालकाचा सगळा धंदा जाणार आहे, त्याचा पगारही त्याच मालकाच्या हातात असावा का, हा प्रश्न तिथून सुटत नाही. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ चा कायदा मालकावर रोग कळवण्याची जबाबदारी टाकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पीच्या त्या वर्षीच्या साथीतली पहिली गाय सापडल्यावर राज्यभर बाजार बंद झाले, लसीकरणासाठी सरकारी डॉक्टर अपुरे पडले म्हणून खासगी डॉक्टर आणि शिकणारी मुलंही उतरवावी लागली. अशा वेळी गोठ्यातल्या पहिल्या गाठीची बातमी बाहेर यायला किती तास लागले, यावर आजूबाजूच्या गावांचं नशीब ठरतं. मालकाच्या नोकराकडून ती बातमी लवकर येईल की उशिरा?

औषधाच्या कपाटाचंही असंच. डायक्लोफिनॅक आठवा. जनावरांना वेदनेवर दिलं जाणारं हे स्वस्त औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि भारतातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांवरही बंदी घालावी लागली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाली. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीत राखून ठेवायचं प्रतिजैविक खाद्यात मिसळलं जात होतं, त्यावर २०१९ मध्ये बंदी आली. या सगळ्या बंद्या दिल्लीत होतात आणि त्यांची अंमलबजावणी गोठ्यातल्या कपाटापाशी होते. त्या कपाटाची किल्ली शिकलेल्या, नोंदणीकृत आणि ठामपणे 'नाही' म्हणू शकणाऱ्या माणसाच्या हातात असणं ही मोठी गोष्ट आहे. डेन्मार्कने या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला. १९९५ पासून तिथे पशुवैद्यकाने औषधं विकून नफा कमवण्यावर कडक मर्यादा आहे. डॉक्टर सल्ल्याचे पैसे घेईल, बाटलीचे नाही. आपल्याकडे अजून उलटंच आहे: सल्ला फुकट, बाटली विकत.

मग पगारी नको, फोनवरचाही नको, तर तिसरं काय? तिसरं आपल्याच सहकारात आहे आणि आपण ते विसरत चाललो आहोत. खेडा जिल्ह्याच्या दूधसंघाने, म्हणजे अमूलने, सुरुवातीच्या काळातच फिरत्या डॉक्टरांची व्यवस्था केली. ठरलेल्या वारी गाडी गावात येणार, बोलावलं असो वा नसो. तातडीचा फोन असेल तर वेगळी गाडी आणि वेगळी फी. आपल्याकडे गोकुळसारख्या संघांनीही सभासदांसाठी डॉक्टर ठेवले. तिथला डॉक्टर पगारी असतो, पण एका मालकाचा नसतो. मराठी शेतकरी शेतीचे दौरे काढून ज्या इस्रायलला वारंवार जातात, तिथे तर १९१९ पासून गाईपालकांची स्वतःची सहकारी पशुवैद्यक संस्था आहे, 'हखलाईत'. शेतकरी गाईमागे ठरावीक वर्गणी भरतो, डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतो आणि देशातले बहुतेक दुभते कळप तीच संस्था बघते. गाय आजारी पडली म्हणून डॉक्टरला जादा काही मिळत नाही, उलट त्याचं काम वाढतं. म्हणून आजार टाळण्यात त्याचा स्वार्थ असतो. आपले लोक तिथून ठिबकची नळी बघून येतात, डॉक्टरची वर्गणी बघून येत नाहीत.

इंदापूरच्या मालकांसारख्या पाच जणांनी मिळून एक डॉक्टर ठेवला, तर माणशी खर्च दीड-दोन लाखांवर येतो आणि डॉक्टर कुणा एकाच्या मुठीत राहत नाही. ही सूचना मी त्यांना केली. ते म्हणाले, "पाच जणांत डॉक्टर आधी कुणाकडे जाणार, यावरनं आमची भांडणं लागतील." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण दोघंतिघं जमतील." गावाच्या राजकारणाचं ज्ञान मला नाही, त्यांना आहे, म्हणून मी तिथे थांबलो.

पगारी डॉक्टरची आणखी एक अडचण आहे: तो टिकत नाही. पशुवैद्यक पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष आंतरवासिता. १८८६ मध्ये परळला सुरू झालेल्या मुंबईच्या महाविद्यालयापासून नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळपर्यंत दरवर्षी मुलंमुली बाहेर पडतात, पण त्यांची नजर एमपीएससीकडे असते. २०२५ मध्ये आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ पदांची जाहिरात काढली. मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. गोठ्याच्या मालकाने पन्नास हजार देऊ केले तरी निवृत्तीपर्यंतची शाश्वती, बदली, सुट्टी आणि लग्नाच्या बाजारातला भाव यांच्याशी तो स्पर्धा करू शकत नाही. जाहिरात आली की डॉक्टर अभ्यासाला जातो, रिकाम्या खोलीत गाईंच्या नोंदींची वही राहते आणि नवा डॉक्टर येऊन पहिल्या पानापासून सुरुवात करतो. करमाळ्याच्या मॅडमनीही अर्ज भरला आहे. त्या मालकांना हे माहीत आहे. "गेल्या तर गेल्या," ते म्हणाले. "पण फळा लिहायची सवय गड्यांना लावून जातील, तेवढं आमचं."

हे सगळं बघून माझं मत असं झालं आहे. दीडशेच्या आत गाई असतील तर स्वतःचा पगारी डॉक्टर ठेवू नये. त्याला काम पुरणार नाही, तो कंटाळेल आणि तुम्ही त्याला दुधाच्या गाडीवर बसवाल. दोन-तीन गोठ्यांनी मिळून ठेवावा, किंवा एखाद्या चांगल्या खासगी डॉक्टरशी आठवड्यातल्या ठरलेल्या दिवसाचा वार्षिक करार करावा, आणि त्याला येण्याचे पैसे द्यावेत, बाटलीचे नाही. दीडशे ते तीनशेच्या मध्ये असाल तर आधी वर्षभर नोंदी ठेवा: गाय कधी व्यायली, कधी माजावर आली, किती वेळा उलटली, किती वासरं मेली. ही वही नसेल तर डॉक्टर ठेवून काय साधलं हे कधीच कळणार नाही, आणि वहीच सांगेल की डॉक्टर हवा की नुसता रात्रपाळीचा जागा गडी. तीनशेच्या वर गाई, आणि कालवडी घरच्याच, तर डॉक्टर ठेवलाच पाहिजे. न ठेवणं महाग पडतं.

मात्र त्या डॉक्टरच्या नेमणूकपत्रात पगाराच्या आकड्याखाली दोन ओळी लिहा. उपचार चालू असलेल्या गाईचं दूध टाकीत जाणार की नाही, याचा शेवटचा शब्द डॉक्टरचा. संसर्गाचा संशय आला की तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला कळवायला त्याला कुणाची परवानगी लागणार नाही. वर्षातून दोनदा बाहेरचा एखादा जाणता पशुवैद्यक बोलावून त्याला गोठा आणि वह्या दाखवा, म्हणजे घरच्या डोळ्याला जे सवयीचं झालं ते बाहेरच्या डोळ्याला दिसेल. राहायला नीट घर द्या, विशेषतः डॉक्टर मुलगी असेल तर. गोठ्याच्या कडेला पत्र्याची खोली देऊन डॉक्टर टिकत नाही.

या दोन ओळींवर सही करायची तयारी नसेल, तर पगारी डॉक्टर ठेवू नका. फोनवरचाच बोलवा. तो स्वस्त पडेल, आणि निदान तुमचा नोकर म्हणून त्याला गप्प बसावं लागणार नाही.